आडवाटेनें आलेली इंग्रजी

इंग्रजी भाषा कठीण आहे असें आपल्याकडे जो तो म्हणतो. पण तिच्यांत कठीण काय आहे असें विचारलें असतां बहुधा भलतेंच उत्तर मिळतें. लांबलचक शब्द, विचित्र स्पेलिंग, उच्चार आणि लेखन यांमधील हाडवैर, हीं कारणें पुढें केलीं जातात. परंतु लांब शब्दावांचून आजवर कोणाचें फारसें अडलेलें नाहीं. तो एकदां कोशांत पाहिला कीं त्याचा अर्थ ठरतो, व पुढें तो शब्द इमानानें त्या अर्थाला धरून राहतो. खरी अडचण आहे ती 'गिव्ह', 'टेक', 'पुट', 'गेट', 'सेट' अशा, पांच वर्षांच्या इंग्रज पोराच्या तोंडीं असणाऱ्या चिमुकल्या क्रियापदांची. त्यांच्या मागें 'अप', 'आउट', 'ऑफ', 'इन' असें एखादें शेपूट लागलें कीं अर्थ कोठल्या कोठें निघून जातो. 'गिव्ह' म्हणजे देणें आणि 'अप' म्हणजे वर. पण 'गिव्ह अप' म्हणजे वर देणें नव्हे, सोडून देणें. 'पुट अप विथ' यांत ठेवणें, वर आणि सह असे तीन भले गृहस्थ एकत्र आले, आणि त्यांच्या बैठकींतून निष्पन्न काय झालें, तर सोसणें!

ही तक्रार एकट्या आपलीच आहे असें मात्र नव्हे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यानें १७५५ सालीं आपला सुप्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यानें स्पष्ट म्हटलें आहे कीं, क्रियापदापुढें अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत इंग्रजींत इतर भाषांपेक्षां बहुधा अधिक आहे, आणि परकीयांस सर्वांत मोठी अडचण तिचीच पडते. या प्रयोगांना 'फ्रेजल व्हर्ब' हें नांव मिळावयास त्यानंतर १७० वर्षें जावीं लागलीं. लोगन पिअरसॉल स्मिथ यानें १९२५ सालच्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकांत तें योजिलें, व तें आपणांस ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें असें सांगितलें. तो ऑक्सफर्डचा महाकोश १९२८ सालीं पुरा झाला, तेव्हां त्यांत सर्वांत अधिक जागा अडवून बसलेला शब्द कोणता निघाला? 'सेट'! त्यानंतर दोनच वर्षांनीं सी. के. ऑग्डेन यानें परकीयांच्या सोयीसाठीं ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' काढली. तींत क्रियापदें अवघीं १८. वाचून हायसें वाटतें. पण गाळलेल्या हजारों क्रियापदांचें काम या अठरांकडूनच, त्यांना अव्ययें जुंपून, करून घ्यावें लागलें. म्हणजे घर लख्ख झाडलें आणि सारा केर उंबऱ्यांतच आणून ठेवला.

मराठी माणसाची या उंबऱ्याशीं गांठ पडली तिचा इतिहास बहुधा पुण्यामुंबईचा म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाहीं, पण अर्धाच आहे. मराठी मुलुखाचा एक मोठा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, व तेथें इंग्रजी आली ती निराळ्या वाटेनें. ती वाट नीट दिसावी म्हणून आम्ही परभणी जिल्ह्यांतील ताडकळस हें पूर्णा तालुक्यांतलें गांव डोळ्यांपुढें ठेवितों. काळ्या जमिनीचें, ज्वारी-कापसाचें, बोलण्यांत शुद्ध मराठी असें हें गांव. त्याच्याविषयीं कांहीं अलौकिक सांगावयाचें आहे म्हणून तें निवडलें नाहीं. तशीं शेंकडों गांवें मराठवाड्यांत आहेत, म्हणूनच निवडलें.

प्रथम इंग्रजी मुलुखाकडे पाहूं. तेथें मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, व १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति आली. उलट बाजूचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थनें आरंभिला आणि थॉमस कँडी यानें १८४७ सालीं तडीस नेला. पुढें तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर पोंचली, आणि ओटीवर बसून मोठ्यानें 'मी जातों, तूं जातोस' यांची इंग्रजी घोकणारीं मुलें हें त्या काळच्या घराचें एक नित्याचें चित्र झालें. ही पाठमाला आज कोणाला हास्यास्पद वाटेल. पण एक गोष्ट तिनें पक्की धरली होती. इंग्रजी वाक्य आणि मराठी वाक्य हीं तींत समोरासमोर उभीं असत, मध्यें तिसरें कोणी नसे. इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हटल्याचें ज्यांच्या नांवावर आहे ते विष्णुशास्त्री चिपळूणकर, आणि १८७४ सालीं निबंधमाला काढून मराठीच्या तत्कालीन स्थितीबद्दल कळकळ दाखविणारेही तेच. दूध प्यावयाचें, पण आपली जीभ आपलीच ठेवावयाची, असा तो बाणा होता. भांडण होतें, पण तें दोघांचें होतें.

गोदावरीच्या कांठीं तें तिघांचें झालें.

हैदराबाद संस्थानांत फारसीच्या जागीं उर्दू ही राज्यकारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत आली. १९१७ सालीं तेथें भाषांतर-विभाग स्थापन झाला, १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें, आणि उच्च शिक्षण संपूर्णपणें उर्दूंतून देण्याचा प्रयोग सुरू झाला. रसायन, वैद्यक, कायदा, इतिहास, सारें उर्दूंत. इंग्रजी हा विषय मात्र सर्वांस आवश्यक होता. या प्रयोगाची थोरवी नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. ज्या काळीं मुंबई-कलकत्त्याचे पदवीधर 'देशी भाषेंत शास्त्र शिकवितां येत नाहीं' असें डोळे मिटून सांगत होते, त्या काळीं हैदराबादेनें तें करून दाखविलें. परंतु देशी भाषा म्हणजे कोणाच्या देशाची, हा प्रश्न तेथें कोणी विचारूं दिला नाहीं. संस्थानांत तेलुगु बोलणारे होते, कानडी बोलणारे होते, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पांच जिल्ह्यांत मराठी बोलणारे होते. त्यांच्या दृष्टीनें उर्दू ही इंग्रजीइतकीच शिकावी लागणारी भाषा होती. 

१९४० च्या सुमाराचा ताडकळसचा एखादा मुलगा कल्पावा. घरीं मराठी; शेतांत मराठी; तिफण, वखर, वाफसा, रास हे त्याचे शब्द. पुढें शिकावयाचें म्हणून तो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं गेला कीं शिक्षणाचें माध्यम उर्दू. इंग्रजीच्या तासालाही शब्दाचा अर्थ सांगितला जाई तो उर्दूंत. म्हणजे एका न कळलेल्या गोष्टीचा उलगडा दुसऱ्या अर्धवट कळलेल्या गोष्टीनें करावयाचा. साध्या शब्दाला यानें फारसा धोका नसतो. 'वॉटर' म्हणजे 'पानी' आणि 'पानी' म्हणजे पाणी. दोन पायऱ्या उतरल्या तरी पाणी पाणीच राहतें. वाक्प्रचाराचें तसें नाहीं. 'गिव्ह अप' याला उर्दूंत 'हाथ उठाना' असा एक चांगला, रसिक पर्याय आहे. एखाद्या गोष्टी'से' हात उठविला म्हणजे ती सोडली. पण कोणा'पर' हात उठविला तर तो मार देणें होतो! सारा भेद त्या 'से' आणि 'पर' मध्यें. मराठी मुलाला 'हात उगारणें' ठाऊक, आणि निराश होऊन सोडून देण्याला तो 'हात टेकणें' म्हणतो. तेव्हां ज्या इंग्रजी शेपटानें त्याला बुचकळ्यांत पाडिलें, त्याच जातीचें दुसरें शेपूट त्याला उत्तर म्हणून मिळालें. मुलगा मंद म्हणून नव्हे, तर वाट आडवी म्हणून तो घोटाळला असता.

याच वाटेवर एक फार मोठा पुरुष उभा आहे व त्याच्याविषयीं लिहिल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. मौलवी अब्दुल हक हे उर्दूचे केवढे कैवारी होते हें सर्वश्रुत आहे. १९१२ पासून ते अंजुमन-इ-तरक्की-इ-उर्दूचे चिटणीस होते, आणि अनेक वर्षें त्या संस्थेचें ठाणें औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरांत होतें. उस्मानियाच्या भाषांतर-विभागाशींही त्यांचा आरंभापासून संबंध होता. त्यांच्या देखरेखीखालीं तयार झालेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ सालीं औरंगाबादेहून प्रसिद्ध झाला. मराठवाड्याच्या राजधानीवजा शहरांत इंग्रजी वाक्प्रचार उलगडणारा एवढा ग्रंथ निघावा, आणि तो त्या मुलुखांतील बहुसंख्यांच्या भाषेंत नसावा, ही गोष्ट मनाला लागते. पण अब्दुल हक यांना मराठीबद्दल बेपर्वा म्हणावें तर तसेंही नाहीं. त्या कोशाच्या चारच वर्षें आधीं, १९३३ सालीं, त्यांनीं फारसीचा मराठी भाषेवर झालेला परिणाम या विषयावर एक उर्दू पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. परकी वाक्प्रचार मराठी कसे पचविते हें ठाऊक असलेला माणूस तेथेंच होता. त्या ज्ञानाचा उपयोग मराठी मुलाला व्हावा अशी राज्याची व्यवस्था नव्हती.

तो पचविण्याचा प्रकार मोठा मौजेचा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश झाला व दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. शब्द हे चाकराप्रमाणें असतात. एकाला काढून दुसरा ठेवितां येतो. पण वाक्प्रचार हा घरजांवई. 'गप्पा मारणें' यांत मारामारी कोठून आली याचा आपण कधीं विचार केला आहे काय? फारसींत 'गप' हा 'ज़दन' या क्रियापदाबरोबर येतो, व 'ज़दन' म्हणजे मारणें. आपण 'हवा खातों', कारण फारसी माणूस ती खातो. आपण 'गम खातों', कारण 'ग़म' हा फारसींत खाण्याचाच पदार्थ आहे. मात्र तेथें गम खाणें म्हणजे शोक करणें. आपण तो खाऊन धीर धरूं लागलों. वस्तु उसनी आणली आणि वापर स्वतःचा केला, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. 'बरखास्त' हा तर थेट इंग्रजी घाटाचा शब्द: 'बर' म्हणजे वर, 'खास्त' म्हणजे उठला. दरबार वर उठला, म्हणजे मोडला. इंग्रजांचें पार्लमेंटही काम संपवितें तेव्हां 'उठतें', आणि आमच्याकडे पंगत उठते, बाजार उठतो, बिऱ्हाडही उठतें.

इंग्रजीनेंही पुढें हेंच केलें. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या इसापनीतिकथा १८२८ सालीं इंग्रजीवरून मराठींत आल्या, आणि अशा कथांच्या मागोमाग 'कोल्ह्याला द्राक्षें आंबट' ही म्हण आली. ज्या गांवांनीं तोंवर द्राक्षाचा वेल पाहिला नव्हता तेथेंही ती आजीबाईच्या तोंडीं बसली, आणि आतां ती परकी आहे असें सांगितलें तर भांडण होईल. 'सिंहाचा वाटा' त्याच वाटेनें आला. कथेंतला सिंह सगळेंच खातो. आपल्या, व इंग्रजांच्याही, बोलण्यांत तो मोठ्या वाट्यावर समाधान मानतो. 'प्रकाश टाकणें', 'भाग घेणें' हेही पाहुणे असेच घरचे झाले. सर्वच पाहुणे आम्हांस सारखे प्रिय आहेत असें नाहीं. अलीकडे वर्तमानपत्रांतून पाऊस, कांदा आणि रस्त्यांतील खड्डे हे सारे 'महत्त्वाची भूमिका बजावतात', तें वाचून नाटक कंपनीचा भास होतो. पण कानाला खटकणें आणि भाषा बुडणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

तिघांच्या या भांडणाची किंमत विद्यार्थ्यांस १९३८ सालीं रोख मोजावी लागली. त्या वर्षाच्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली, विद्यार्थ्यांनीं ती मोडली, आणि शेंकडों मुलांस काढून टाकण्यांत आलें. त्यांपैकीं पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें आसरा दिला. पुढें देशाचे पंतप्रधान झालेले पामुलपर्ति वेंकट नरसिंहराव हे त्यांतलेच. या प्रसंगाची स्वातंत्र्याच्या इतिहासांत योग्य ती नोंद झाली आहे. भाषेच्या बाजूनें मात्र त्याकडे कोणी पाहत नाहीं. नागपुरास शिक्षणाचें माध्यम इंग्रजी होतें. कालपर्यंत ज्यांनीं शास्त्र आणि इतिहास उर्दूंतून ऐकला, त्यांच्यापुढें एकाएकीं इंग्रजी व्याख्यान सुरू झालें. 'कॅरी आउट' म्हणजे बाहेर वाहून नेणें नव्हे, 'फॉल थ्रू' म्हणजे आरपार पडणें नव्हे, हें त्यांना परीक्षेआधींच्या थोड्या महिन्यांत शिकावें लागलें असणार. त्यांतले मराठी होते त्यांच्यापुढें ही चौथी वा पांचवी भाषा उभी होती.

संस्थानांत मराठीचा आधार शोधणारे लोक नव्हते असें नाहीं. हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ प्रथम तेथें व पुढें अंबाजोगाईस शिकवीत होते. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९५८ सालीं औरंगाबादेस स्वतंत्र विद्यापीठ झालें. तिसरी भाषा मधून उठली. इंग्रजी आणि मराठी अखेर ताडकळसच्या मुलापुढें समोरासमोर आल्या.

आतां तरी वाट सरळ झाली काय? आमच्या वर्गांत त्या बाजूचे विद्यार्थी आहेत, आणि बाजारांतील मार्गदर्शकें त्यांच्या हातीं आहेत. त्यांत पांचशें फ्रेजल व्हर्ब एका बाजूस व त्यांचे अर्थ दुसऱ्या बाजूस छापलेले असतात. मुलगा ते घोकतो, परीक्षेंत उतरवितो, आणि वर्षभरांत विसरून बसतो. याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, आपल्या घरांत हींच क्रियापदें आहेत हें त्याला कोणी सांगितलेलेंच नाहीं.

वर आम्हीं 'गिव्ह अप' चा अर्थ 'सोडून देणें' असा दिला. वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, या मराठी अर्थांतही 'देणें' आहे! विडी सोडून दिली, तेव्हां कोणी कोणास काय दिलें? 'खाऊन टाक' यांत टाकावयाचें काय? इंग्रज आई 'ईट इट अप' म्हणते, आपली आई 'खाऊन टाक' म्हणते. तिकडचें 'अप' आणि इकडचें 'टाक' हीं एकाच कामाचीं, पुरें कर, शिल्लक ठेवूं नको, असें सांगणारीं. 'भरून काढणें' यांत तर भरणें आणि काढणें हीं दोन हाडवैरी क्रियापदें एका जुवाखालीं चालतात, व 'मेक अप फॉर' चा अर्थ अचूक देतात. उर्दूंतही 'छोड़ देना' आहे. तेव्हां दोष उर्दूच्या स्वभावाचा नव्हता. शिकलेल्या भाषेंत हे खेळ दिसत नाहींत, आईच्या भाषेंतच दिसतात, एवढाच मुद्दा आहे.

संस्कृताचा अभिमान असणाऱ्यांनीं तर इंग्रजीला हंसूंच नये. एका 'हृ' धातूला उपसर्ग लावून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार करणारे आपणच. उपसर्ग धातूच्या आधीं यावा हा नियम सांगून पाणिनीनें लगेच पुढें म्हटलें आहे कीं, वेदांत तो धातूच्या नंतरही येतो, आणि मध्यें दुसरे शब्द येऊन दूरही पडतो. 'लुक द वर्ड अप' यांत 'लुक' आणि 'अप' यांच्या मध्यें 'वर्ड' येऊन बसतो, तो वेदकाळच्या ऋषीला मुळींच अपरिचित वाटला नसता.

दाते आणि कर्वे यांनीं महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन भाग १९४२ व १९४७ सालीं काढले. ते उघडून एकट्या 'लागणें' कडे पाहावें. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, नाद लागतो, दृष्ट लागते, विहिरीला पाणी लागतें आणि शहरांत गेलेल्या पोराला शहराचें पाणी लागतें. 'गाडी लागली' म्हणजे फलाटावर आली कीं पोटांत ढवळूं लागलें, हें बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवावें लागतें. हें सारें ज्याच्या जिभेवर आहे त्याला 'सेट' चें भय कां वाटावें?

म्हणून आम्हीं मार्गदर्शक बाजूला ठेवून मुलांस एक काम दिलें. इंग्रजी प्रयोग वाक्यासह सांगावयाचा, आणि आपल्या गांवीं तीच गोष्ट कशी बोलतात तें त्यांनीं लिहावयाचें. अर्थ नव्हे, बोलणें. 'ही टेक्स आफ्टर हिज फादर' याला उत्तर आलें, 'बापावर गेलाय'. तेथेंही 'जाणें' आणि 'वर'! ताटें मांडल्यावर हजर होणाऱ्या पाहुण्याच्या 'टर्न अप' ला एकीनें लिहिलें, 'आत्तां उगवला'. 'फॉल थ्रू' ला 'बारगळलें', 'रन आउट ऑफ' ला 'गूळ सरला'. ताडकळसकडच्या एका विद्यार्थ्याच्या वहींत 'द रेन्स हॅव सेट इन' या वाक्यापुढें लिहिलें होतें: 'पाऊस लागला, आतां आठ दिवस वाफसा नाहीं.'